गाडीचा पिवळा दिवा आणि सायलेन्सरमधली महागडी पेटी

आम्ही म्हणजे तालुक्यातल्या बचत गटांच्या गाड्या चालवणाऱ्या आणि पाना हातात घ्यायला शिकलेल्या सात जणी. मागच्या भागात चाक बदलणं आणि ऑइल बघणं सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच गटांनी एकच प्रश्न पाठवला, "गाडीत पिवळा दिवा लागलाय. मेकॅनिक म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, सेन्सर पण बदलावे लागतील. खर्च ऐकून डोळे पांढरे झाले. हे काम घरी होतं का?"

थोडक्यात उत्तर असं. सेन्सर बदलणं दोघी जणी मिळून घरी करू शकतात. पेटी बदलणं काही गाड्यांत जमतं, काहींत नाही. पण त्याआधी एक गोष्ट गाठ मारून ठेवा: ही पेटी सहसा आपोआप मरत नाही, तिला कोणीतरी मारतं. मारणारा सापडल्याशिवाय नवी पेटी बसवली, तर तीही जाते आणि गटाचे पैसे दुसऱ्यांदा जातात. आज आपण हाच शोध कसा घ्यायचा ते बघू. हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेलच्या पिकअपची व्यवस्था वेगळी असते, ती पुन्हा कधीतरी.

ही पेटी करते काय?

चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर कमी पडली की धूर होतो. जळण अर्धवट जळतं. इंजिनातही तसंच. पेट्रोल पूर्ण जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ बाहेर पडते. शिवाय इंजिनातल्या प्रचंड उष्णतेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे तिन्ही फुप्फुसाला आणि हवेला वाईट.

यासाठी इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये एक स्टीलची पेटी बसवलेली असते. तिच्या पोटात चिनी मातीसारख्या पदार्थाचं मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार नळकांडं असतं. त्या बारीक भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ लेप असतो. धूर या भोकांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, पेट्रोलच्या वाफेचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन मोकळा होतो.

यात धातू खर्च होत नाही. लग्न जमवणाऱ्या मावशी आठवा. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसवतात, बोलणी पक्की करून देतात आणि आपल्या घरी परत जातात. पुढच्या आठवड्यात दुसरं स्थळ. हे धातू तसेच. म्हणून चांगली पेटी वर्षानुवर्षं, लाखभर किलोमीटर आणि त्याहून जास्तही चालते.

मात्र तिला तापावं लागतं. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तिचं काम सुरू होतं आणि चालत्या गाडीत ती याहून खूप जास्त तापते. म्हणून एक इशारा आत्ताच देतो. लांबून आलेली गाडी कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका. खालच्या गरम पेटीने पाचट पेटू शकतं.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना ही पेटी सक्तीची झाली. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं घालत आणि शिशाने ही जाळी मरते. म्हणून त्याबरोबरच शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं. २००० च्या सुरुवातीला शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ चे नियम आले. आज आपल्या गटाची व्हॅन असो की घरची छोटी मोटार, पेटी आहेच.

सेन्सर म्हणजे गाडीचं नाक

डेअरीत दूध घालताना फॅट मोजतात, तसं गाडीच्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे मोजणारे सेन्सर असतात. पानाच्या गाठीएवढा लोखंडी तुकडा, टोकाला भोकं असलेली टोपी आणि मागे बहुतेक वेळा चार वायरी. चारपैकी दोन वायरी सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरच्या असतात.

साधारणपणे पेटीच्या आधी एक सेन्सर आणि पेटीच्या नंतर एक. पहिला सेन्सर इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, "पेट्रोल जास्त झालं, कमी कर. आता कमी झालं, वाढव." ही घासाघीस सतत चालू असते. त्यामुळे त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होतो. दुसरा सेन्सर राखणदार. पेटीतून बाहेर आलेला धूर तो बघतो. पेटी धड असेल तर तिच्या आतच सगळी उलथापालथ निवते आणि दुसऱ्या सेन्सरचा आकडा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहतो.

आता महत्त्वाचं. पहिली रेघ नाचते आणि दुसरी संथ, तर पेटी ठीक. दुसरीही पहिलीसारखीच नाचायला लागली, तर पेटी थकली असण्याची शक्यता आहे. हे बघायला इंजिनिअर असावं लागत नाही. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढा स्कॅनर लावायचा आणि मोबाइलवर दोन्ही रेघा बघायच्या. साधा स्कॅनर काही शे रुपयांपासून मिळतो. तीन-चार गटांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. एवढं लक्षात ठेवा, की काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वेगळ्या जातीचा असतो आणि त्याची रेघ अशी नाचत नाही.

दिवा लागला, आता काय?

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल, तर गाडी सावकाश घरी आणा आणि दोन-चार दिवसांत तपासा. पण दिवा लुकलुकत असेल, गाडी आचके देत असेल, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही आणि कच्चं पेट्रोल थेट पेटीत जातंय. तिथे ते पेटतं, पेटी लालभडक होते आणि आतली जाळी वितळून गोळा होते. "बाजार गाठू आणि मग बघू" म्हणून रेटलेले दहा-पंधरा किलोमीटर पेटीच्या किमतीला पडू शकतात.

स्कॅनर लावला की तो एक नंबर दाखवतो. तो कागदावर लिहून घ्या. नेहमी दिसणारे नंबर असे:

पी ०४२०: पेटीचं काम हवं तेवढं होत नाही.
पी ०१३५: पहिल्या सेन्सरच्या हीटरमध्ये बिघाड.
पी ०१४१: दुसऱ्या सेन्सरच्या हीटरमध्ये बिघाड.
पी ०३०० आणि पुढचे, म्हणजे ०३०१, ०३०२ वगैरे: इंजिन मिस मारतंय. शेवटचा आकडा सिलिंडरचा.

आता नीट ऐका. नंबर म्हणजे तक्रार, निकाल नाही. डॉक्टरकडे आपण "पोट दुखतंय" म्हणतो, म्हणून तो लगेच पोट कापत नाही. पी ०४२० आला म्हणजे पेटी बदला असं गाडी म्हणत नाही. ती म्हणते, इथे काहीतरी बरोबर नाही, बघा.

शेजारच्या गावात भाजी पोचवणाऱ्या गटाच्या व्हॅनला असाच नंबर आला. एका गॅरेजने पेटी बदलली. गटाने त्यासाठी दिवाळीच्या फराळाची सगळी कमाई ओतली. काही महिन्यांत दिवा पुन्हा लागला. गाडी आमच्याकडे आली तेव्हा स्कॅनरवर दोन नंबर होते, ०४२० आणि ०३०२. दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल तापली की बंद पडत होती. जुनी पेटी तिनेच मारली होती आणि नवीही तिनेच. कॉइल आणि प्लग यांचा खर्च पेटीपुढे किरकोळ होता. तो आधी झाला असता, तर फराळाचे पैसे वाचले असते.

म्हणून तपासायचा क्रम पाठ करा

पहिलं, प्लग आणि कॉइल. मिस मारण्याचा नंबर असेल तर तो आधी सोडवा. प्लग काढून बघा. काजळी धरलेला, तेलकट किंवा टोक झिजलेला असेल तर बदला.

दुसरं, तेल आणि कूलंट. इंजिन ऑइल सारखं कमी होतंय, मागून निळसर धूर येतोय? मग ऑइल जळतंय आणि त्यातली द्रव्यं जाळीवर बसताहेत. रेडिएटरचं कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही? ते इंजिनात जात असेल. त्यानेही जाळी आणि सेन्सर दोन्ही खराब होतात. हे दुखणं इंजिनाचं आहे. ते बरं केल्याशिवाय नवी पेटी घेऊ नका.

तिसरं, पाइपातली गळती. सेन्सरच्या आसपास पाइपाला चीर असेल किंवा गास्केट फुटलं असेल, तर बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सर फसतो. धड पेटी खराब असल्याचा खोटा नंबर येतो. गाडी थंड असताना चालू करा आणि खालून फट्फट् आवाज येतो का ऐका. जोडावर साबणाचं पाणी टाका. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतो तसे बुडबुडे दिसतील.

चौथं, वायरी आणि फ्यूज. आपल्याकडे उंदीर वायरी कुरतडतात, हे सांगायला नको. हीटरचा नंबर आला तर आधी फ्यूज बघा, मग वायर, मग सॉकेटमधला चिखल आणि गंज. सेन्सरची पाळी त्यानंतर.

पाचवं, पेटी. गाडी पूर्ण थंड असताना पेटीवर मुठीने ठोका. आत खुळखुळ वाजलं तर जाळी फुटली आहे. गाडीला पिकअप नाही, घाटात दम लागतो, ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग चढत नाही, अशी लक्षणं असतील तर जाळी तुंबलेली असू शकते. मेकॅनिककडे सेन्सरच्या भोकात लावायचं प्रेशर गेज असतं, त्याने तुंबल्याची खात्री होते. ते लावून दाखवायला सांगा.

पाचही पायऱ्या झाल्या आणि बोट पेटीकडेच जात असेल, तरच पेटीचा खर्च काढा.

सेन्सर घरी कसा बदलायचा?

नवा सेन्सर घेताना गाडीचा चॅसी नंबर दुकानदाराला द्या आणि पहिला हवा की दुसरा हे स्पष्ट सांगा. दोन्ही दिसायला सारखे असले तरी एक नसतात. गाडीच्याच सॉकेटमध्ये बसणारा सेन्सर घ्या. वायरी कापून पिरगाळून जोडायचा सेन्सर टाळा. गरम पाइपाजवळ तो जोड टिकत नाही, आणि बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच मिळते.

लागणारं सामान: २२ मिलिमीटरचा पाना. वायर जाण्यासाठी खाच असलेला सेन्सरचा खास सॉकेट मिळाला तर उत्तम. गंज सोडवणारा फवारा, चामडी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तारेचा ब्रश.

आदल्या संध्याकाळी थंड सेन्सरच्या आट्यांवर फवारा मारून ठेवा. सकाळी बॅटरीची वजा बाजूची वायर काढा. सेन्सरच्या सॉकेटची चिमटी दाबून ते सोडवा. वायर ओढायची नाही. मग पाना लावून डावीकडे फिरवा. हलत नसेल तर धिंगाणा नको. बॅटरी आणि सॉकेट परत जोडून इंजिन दोन-तीन मिनिटं चालू करा, बंद करा, पुन्हा बॅटरी आणि सॉकेट सोडवा आणि हातमोजे घालून प्रयत्न करा. कोमट लोखंड लवकर सुटतं. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबा. आटे मेले तर सगळा पाइप बदलायची पाळी येते.

जुना निघाला की त्याचं टोक बघा, ते बोलतं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढरट थर म्हणजे कूलंट किंवा सिलिकॉन आत जात असण्याची शक्यता. म्हणजे आपला तपास अजून संपलेला नाही.

नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक वेळा कंपनीने उष्णता सोसणारं ग्रीस लावलेलं असतं. नसेल तर फक्त आट्यांवर अगदी थोडं लावा. टोकाला ग्रीस, तेल, बोट काही लागू देऊ नका. पाइपाच्या जोडाला साधा सिलिकॉनचा लेप कधीच लावू नका, त्याची वाफ सेन्सर मारते. आधी हाताने तीन-चार फेरे बसवा. हाताने सरळ जात असेल तरच पाना लावा. किती घट्ट करायचं ते गाडीच्या पुस्तकात किंवा सेन्सरच्या डब्यावर दिलेलं असतं. टॉर्क पाना एखाद्या गटाकडे असेल तर मागून आणा. शेवटी वायर गरम पाइपापासून लांब, मूळ चिमट्यात अडकवा, बॅटरी जोडा आणि स्कॅनरने जुना नंबर पुसा.

पेटी बदलायची तर

गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. मग खाली वाकून नीट बघा. पेटी दोन्ही बाजूंनी नट-बोल्टने जोडलेली आणि गाडीच्या पोटाखाली असेल, तर घरी जमतं. ती पाइपाला वेल्डिंग केलेली असेल, किंवा इंजिनाला लागून मॅनिफोल्डलाच जोडलेली असेल, जसं आता बऱ्याच छोट्या मोटारींत असतं, तर वर्कशॉपमध्ये न्या. तिथले बोल्ट गंजून तुटतात आणि इंजिनाच्या डोक्यात अडकून बसतात. हे काम सोडून देण्यात कमीपणा नाही.

घरी करायचं ठरलं तर जागा कठीण आणि सपाट हवी. शेणाने सारवलेलं मऊ अंगण किंवा शेताची जमीन चालणार नाही. हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी लावा. जॅकने गाडी उचला आणि लगेच लोखंडी घोड्यांवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. विटा आणि दगडही नकोत, वीट भाराखाली फुटते. खाली जाण्याआधी गाडीला बाजूने जोरात धक्का द्या. हलली तर पुन्हा टेकवा. एक जण खाली, एक जण बाहेर, आणि लहान मुलं दूर.

गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या. चष्मा आणि मास्क लावा. गंज डोळ्यात पडतो, आणि जाळीभोवतीच्या अस्तराची धूळ छातीत जायला नको. बॅटरी सोडवा, सेन्सर काढा, वरचा उष्णतारोधक पत्रा असेल तो काढा. मागचा पाइप आणि सायलेन्सर दोरीने बांधून आधार द्या, नाहीतर सगळा भार रबरांवर येऊन ती तुटतात. मग नट सोडवा आणि दोघींनी मिळून पेटी खाली घ्या.

नव्या पेटीवर बाण असतो. तो धूर जायची दिशा दाखवतो, म्हणजे इंजिनाकडून मागे. दोन्ही टोकांची गास्केट आणि नट नवीन घाला, जुने परत वापरू नका. आधी सगळे नट हाताने लावा, पाइप सरळ आलाय का बघा, मग थोडे थोडे करत आळीपाळीने घट्ट करा. एकच बाजू आधी आवळली तर दुसरीकडे फट राहते.

गाडी खाली घ्या, मोकळ्या हवेत चालू करा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तेल जळल्यासारखा वास येतो, तो जातो. साबणाच्या पाण्याने जोड तपासा. पुढचे काही दिवस वीस-तीस किलोमीटरच्या फेऱ्या होऊ द्या आणि नंबर परत येतो का बघा. मग पीयूसी करा आणि पावती नुसती फाइलला लावू नका, वाचा. बीएस ४ आणि त्यापुढच्या पेट्रोल चारचाकीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यापर्यंत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतो. तुमचा आकडा याच्या बराच खाली आला, तर काम नीट झालं.

"जाळी काढून टाकतो, ॲव्हरेज वाढेल"

हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवणारच. पेटी फोडून आतली जाळी काढायची आणि रिकामा डबा परत बसवायचा. खर्च कमी आणि बाहेरून काही कळत नाही. याला ठाम नाही म्हणा. कारणं तीन.

पहिलं कारण आपला जीव. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आपल्या व्हॅनमध्ये मागे बायका बसतात, मांडीवर लेकरं असतात. पाइपाला गळती, पत्र्याला भोक आणि पेटी रिकामी, म्हणजे तो वायू थेट आत. प्रवासात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. थांबा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा, कोणी गुंगीत असेल तर दवाखाना गाठा, आणि गाडी दुरुस्त झाल्याशिवाय त्यात माणसं बसवू नका. आणि पेटी चांगली असली तरी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. थंड पेटी काम करत नाही, हे आपण वर बघितलं.

दुसरं कारण कायदा. प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी मोटार वाहन कायद्यात तरतूद आहे. पावतीवर नाव गटाचं असतं, सल्ला देणाऱ्याचं नसतं.

तिसरं कारण पैसा. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतात, फक्त काही ग्रॅम. पण २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. त्या सुमारास अमेरिकेत रातोरात गाड्यांखालून पेट्या कापून नेण्याच्या चोऱ्या खूप वाढल्या. तुमची जाळी "फुकटात" काढून देणारा ती फेकून देत नाही. म्हणून पेटी बदलली की जुनी पेटी मागून घ्या. ती तुमची आहे. ती फोडू नका, अखंड ठेवा, आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारून बिलावर विका. जुनी गाडी विकत घेतानाही पेटी ठोकून बघा आणि शक्य तर सेन्सरच्या भोकातून आत बॅटरी मारा. पोळ्यासारखी जाळी दिसली पाहिजे. पोकळ दिसली, तर पेटीची किंमत व्यवहारातून कमी करायला सांगा.

गटासाठी एक वही

शेवटी एक काम सांगतो, ते आजच करा. गाडीत एक वही ठेवा. दिवा कोणत्या तारखेला लागला, किती किलोमीटरवर, लुकलुकत होता की स्थिर, स्कॅनरचा नंबर कोणता, त्या महिन्यात ऑइल किती घातलं, कोणता भाग बदलला, बिल किती, जुना भाग परत मिळाला का. गॅरेजला जाताना ही वही आणि दोघी जणी. एकटीने जायचं नाही. तिथे तीन प्रश्न विचारायचे: नंबर कोणता आला? पेटी गेली तर ती कशाने गेली? ते कारण आधी दुरुस्त करणार का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट वही बघून त्याचं काम सोपं होतं.

आपल्या गटाचा पैसा लोणच्याच्या बरणीतून, शिलाईच्या टाक्यातून, भाजीच्या जुडीतून आलेला असतो. तो कशावर खर्च होतोय हे समजून घेणं आपला हक्क आहे. तुमच्या गाडीचा नंबर, म्हणजे स्कॅनरचा नंबर, आम्हाला कळवा. पुढच्या भागात डिझेल पिकअपच्या धुराबद्दल बोलू. तोवर गाडी जपून चालवा, आणि पाचटावर उभी करू नका. नमस्कार.